काचेजवळचे मणी उलटे का जातात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे इतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पासाठी तुम्ही दोन काचांमध्ये १०० मायक्रॉन खोल आणि २ मिलिमीटर रुंद सेल केला आहे. दोन्ही टोकांना प्लॅटिनमच्या तारा आहेत, त्यांच्यात २ सेंटिमीटर अंतर आहे आणि टोकं मेणाने बंद केली आहेत. आत १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि १ मायक्रॉन व्यासाचे, पृष्ठभागावर कार्बॉक्सिल गट असलेले पॉलिस्टायरीनचे मणी आहेत. झीटा मीटरवर या मण्यांचा झीटा, म्हणजे पृष्ठभागालगतचं विद्युत विभव, उणे ५० मिलिव्होल्ट आला. ऋणभारित मणी धन इलेक्ट्रोडकडे जायला हवेत. २० व्होल्ट लावले की सेलच्या मध्यावरचे मणी तिकडेच जातात, पण हिशेबापेक्षा जवळजवळ दुप्पट वेगाने. तळाच्या काचेपाशी मात्र तेच मणी ऋण इलेक्ट्रोडकडे निघतात. शिवाय चार-पाच मिनिटांत सगळं मंदावतं आणि काही मणी काचेला चिकटून बसतात. मार्गदर्शकांना नमुना खराब वाटतो, मित्राला तारा उलट्या जोडल्यासारख्या वाटतात, आणि यातलं खरं काय असं तुम्ही विचारलं आहे.

तुमचा नमुना चांगला आहे आणि तारा बरोबर जोडल्या आहेत. तुम्ही जे पाहिलंत ते अगदी जसं दिसायला हवं तसंच आहे. सूक्ष्म चॅनलांमध्ये कण हलवण्याचं काम मी सोळा वर्षं करतो आहे, आणि नव्याने आलेला जवळजवळ प्रत्येक विद्यार्थी याच ठिकाणी अडतो. कारण पुस्तकातल्या चित्रात एक कण असतो, भोवती पाणी असतं आणि विद्युत क्षेत्राचे बाण असतात. भिंत त्या चित्रात नसते. प्रयोगात भिंत असते, आणि तिच्यावरही भार असतो.

खरा प्रश्न म्हणून असा मांडायला हवा: मायक्रोस्कोपखाली दिसणारा वेग मण्याचा किती आणि पाण्याचा किती?

मणी पाण्यातून सरकतो, ही इलेक्ट्रोफोरेसिस. काचेजवळचं पाणी काचेवरून सरकतं, ही इलेक्ट्रोऑस्मोसिस. दोन्हींचं मूळ एकच आहे. पाण्यात काचेचा पृष्ठभाग ऋणभारित होतो, आणि त्याला तोलायला द्रवातले धन आयन काचेलगत दाटीने उभे राहतात. हा थर अतिशय पातळ असतो. तुमच्या १ मिलिमोलर द्रावणात त्याची जाडी साधारण १० नॅनोमीटर, म्हणजे मण्याच्या व्यासाच्या शंभराव्या भागाएवढी. क्षेत्र लावलं की हे धन आयन ऋण इलेक्ट्रोडकडे ओढले जातात आणि आपल्याबरोबर पाणीही नेतात. काच जागची हलू शकत नाही, म्हणून पाणी हलतं. मण्याभोवतीही असाच थर असतो, पण मणी मोकळा असल्यामुळे तिथे पाण्याऐवजी मणीच उलट दिशेला सरकतो. रॉइस या शास्त्रज्ञाने मॉस्कोत ओल्या चिकणमातीत दोन काचेच्या नळ्या रोवून, त्यांत पाणी भरून वीज सोडली, तेव्हा त्याला हे दोन्ही परिणाम एकाच मांडणीत दिसले. धन बाजूच्या नळीत मातीचे कण वर येऊन पाणी गढूळ झालं आणि ऋण बाजूच्या नळीत पाण्याची पातळी चढली. हे त्याने १८०९ मध्ये छापलं. तुम्ही पाहता आहात ती हीच जोडी आहे, फक्त १०० मायक्रॉनच्या फटीत.

आता आकडे घेऊ. आकड्यांशिवाय ही गोष्ट मनात बसत नाही.

स्मोलुचोव्स्कीच्या १९०३ च्या सूत्रानुसार वेग म्हणजे द्रवाची परमिटिव्हिटी, झीटा आणि क्षेत्र यांचा गुणाकार भागिले द्रवाची श्यानता, म्हणजे दाटपणा. २५ अंशाच्या पाण्यात आणि सेंटिमीटरला १० व्होल्ट क्षेत्रात याचा सोपा हिशेब असा पडतो, की दर मिलिव्होल्ट झीटामागे सेकंदाला सुमारे ०.७८ मायक्रॉन. तुमच्या मण्यांचे ५० मिलिव्होल्ट म्हणजे सेकंदाला ३९ मायक्रॉन, धन इलेक्ट्रोडकडे. तुमच्या काचेचा झीटा मला ठाऊक नाही. पण एवढ्या कमी मिठात, साधारण उदासीन पीएचला, स्वच्छ काचेला उणे ८० च्या आसपास धरणं वावगं होणार नाही. म्हणजे काचेलगतचं पाणी सेकंदाला ६२ मायक्रॉन वेगाने ऋण इलेक्ट्रोडकडे निघालं. मणी पाण्यातून ३९ ने एका बाजूला, पाणी ६२ ने दुसऱ्या बाजूला. बेरीज २३, ऋण इलेक्ट्रोडकडे. काचेपाशी मणी उलटे जातात ते यामुळे.

मग मध्यावर काय होतं? तुमच्या सेलची टोकं बंद आहेत. दोन्ही काचांलगत पाणी एका टोकाकडे ढकललं जातं, पण तिथून बाहेर पडायला वाट नाही. तिथे दाब वाढतो आणि तेवढंच पाणी मधून परत येतं. दोन समांतर काचांच्या सेलमध्ये या येण्या-जाण्याचा आकार पॅराबोला असतो. काचेपाशी पूर्ण वेग, मधोमध त्याच्या निम्मा आणि उलट दिशेला. तुमच्या सेलमध्ये मध्यावरचं पाणी सेकंदाला ३१ मायक्रॉन वेगाने धन इलेक्ट्रोडकडे परततं. मण्याचे स्वतःचे ३९ त्यात मिळवा, ७० झाले. तुम्हाला ‘जवळजवळ दुप्पट’ दिसलं ते हेच.

एक गोष्ट स्वतः करून पाहा. फाइन फोकसचा स्क्रू अगदी हळू फिरवत तळापासून वर या. तळाशी मणी ऋण इलेक्ट्रोडकडे वाहताना दिसतील. फोकस वर जाईल तसे ते मंदावतील. काचेपासून साधारण ६ ते ७ मायक्रॉनवर असा एक थर लागेल, की मणी कुठेच जात नाहीत, जागच्या जागी नुसते थरथरतात. ती ब्राउनियन हालचाल आहे, या आकाराच्या मण्याला सेकंदात एखाद मायक्रॉन इकडेतिकडे हलवणारी. त्याच्या वर गेलात की सगळे धन इलेक्ट्रोडकडे निघतात आणि मध्यापर्यंत वेग वाढत जातो. मध्य ओलांडला की हाच क्रम वरच्या काचेपर्यंत उलटा. नव्या विद्यार्थ्याला मी सगळ्यात आधी हेच दाखवतो. सूत्र नंतर.

इथेच एक खड्डा आहे आणि त्यात पुष्कळजण पडतात. मणी थांबलेले दिसतात तो थर म्हणजेच ‘स्थिर पातळी’ असं समजून लोक तिथे मोजायला बसतात. स्थिर पातळी म्हणजे जिथे पाणी स्थिर असतं ती, मणी स्थिर दिसतात ती नव्हे. मणी थांबतात तिथे पाण्याचा वेग आणि मण्याचा वेग एकमेकांना छेद देतात, एवढंच. पाणी खरोखर थांबतं ते सपाट सेलमध्ये काचेपासून खोलीच्या २१ टक्के अंतरावर, म्हणजे तुमच्याकडे तळापासून सुमारे २१ मायक्रॉनवर, आणि वरूनही तितक्याच अंतरावर. गोल केशनळी असती तर ही जागा नळीच्या भिंतीपासून व्यासाच्या १४.६ टक्क्यांवर आली असती, आणि नळीच्या मध्यात उलटा प्रवाह निम्मा नाही तर पूर्ण वेगाचा असता. म्हणून सेलचा आकार न सांगता कोणी स्थिर पातळीचा आकडा सांगितला, तर तो उतरवून घेऊ नका.

स्थिर पातळीवर फोकस करून एकदा मोजलं की झालं, असंही नाही. तिथे पाण्याचा वेग उंचीप्रमाणे झपाट्याने बदलतो. तुमच्या आकड्यांत दर मायक्रॉनला सेकंदाला सुमारे २ मायक्रॉन. फोकस दोन मायक्रॉनने चुकला तर झीटा पाचेक मिलिव्होल्टने चुकतो. आणि फोकस चुकतोच, कारण कोरडं ऑब्जेक्टिव्ह वापरत असाल तर स्क्रूवरचा एक मायक्रॉन म्हणजे पाण्यातला साधारण १.३३ मायक्रॉन. अपवर्तनाचा हा गुणाकार विसरल्यामुळे १०० मायक्रॉनचा सेल ७५ चा भरतो आणि पुढचं सगळं गणित वाकडं जातं. आधी तळाच्या आणि वरच्या काचेवर चिकटलेला एकेक मणी शोधा, दोन्हींवर फोकस करून स्क्रूचे आकडे टिपा आणि त्या अंतरातच सेलची खोली बसवा.

माझी पद्धत अशी. एका उंचीवर विसंबायचं नाही. तळापासून वरपर्यंत आठ-दहा उंचींवर प्रत्येकी वीस-पंचवीस मण्यांचे वेग घ्यायचे. उंची मध्यापासून मोजायची, तिला अर्ध्या खोलीने भागायचं आणि आलेल्या संख्येचा वर्ग करायचा. आडव्या अक्षावर हा वर्ग, उभ्यावर वेग. पॅराबोलाची सरळ रेषा होते. वर्ग एक-तृतीयांश असेल तिथे रेषेवरचा वेग हा निव्वळ मण्याचा वेग. एखादा बिंदू रेषा सोडून पळाला तर लगेच कळतं, की गळती आहे, बुडबुडा आहे किंवा वरच्या आणि खालच्या काचेचा भार वेगळा आहे. एकाच आकड्यातून यातलं काहीच कळत नाही. रुंदी खोलीच्या वीसपट असल्यामुळे बाजूच्या कडांचा त्रास तुम्हाला कमी होईल. तरी मोजमाप रुंदीच्या मधोमध घ्या, कडेपासून चांगलं दूर.

पॉलिस्टायरीन या कामाला सोयीचं आहे, कारण ते पाण्यापेक्षा जेमतेम पाच टक्क्यांनी जड असतं. एक मायक्रॉनचा मणी सेकंदाला साधारण ०.०३ मायक्रॉनच खाली बसतो, त्यामुळे पहिली दहा मिनिटं मणी सगळ्या खोलीत सापडतात. याच आकाराचे सिलिकाचे मणी असते तर ते सेकंदाला अर्धा मायक्रॉन खाली आले असते आणि तीन-साडेतीन मिनिटांत सगळे तळाशी. मग तुम्हाला फक्त उलटे जाणारे मणी दिसले असते आणि मण्यांचा भारच धन आहे असा निष्कर्ष तुम्ही काढला असता. एका होतकरू मुलीच्या अहवालात मी हे घडलेलं पाहिलं आहे. तिची मोजणी चोख होती, पण सगळी तळाच्या थरातली.

तुमच्या प्रश्नात आणखी एक शंका आहे, की काचेजवळ मणी घासल्यासारखे मंद होत असतील का. ही शंका रास्त आहे, पण उत्तर अनपेक्षित आहे. तुम्ही मण्याला बाहेरून ओढलंत, चिमट्याने म्हणा किंवा वजनाने म्हणा, तर भिंत त्याला चांगलीच अडवते. भिंतीला समांतर जाणाऱ्या मण्याचं केंद्र भिंतीपासून एका व्यासावर असलं, तरी वेग चौथ्या भागाहून जास्त घटतो. इलेक्ट्रोफोरेसिसमध्ये मात्र मणी आणि त्याचा आयनांचा थर मिळून एकूण भार शून्य असतो, म्हणून या जोडीवर निव्वळ बल नसतं. मण्यामुळे पाण्यात होणारी खळबळ अंतराच्या घनाने विरते, भिंतीपर्यंत ती फारशी पोहोचतच नाही. केह आणि अँडरसन यांनी १९८५ मध्ये हे गणित मांडलं. त्याच एका व्यासाच्या अंतरावर, इन्सुलेटर भिंतीला समांतर जाताना, घट एका टक्क्याच्याही आत राहते. तुमचे मणी भिंतीपाशी वेगळे वागतात ते घर्षणामुळे नव्हे, तिथल्या पाण्यामुळे. अर्थात मणी काचेपासून काही नॅनोमीटरवर आला आणि दोन्ही थर एकमेकांत शिरले, की हे गणित लागू राहत नाही.

आता परिस्थितीवर काय अवलंबून आहे ते सांगतो, कारण वरचे आकडे तुमच्या सेलला तंतोतंत बसतीलच असं नाही.

काचेचा झीटा सगळ्यात बेभरवशाचा. पीएच, मिठाचं प्रमाण, काच कशाने धुतली, किती दिवस हवेत पडून होती, या सगळ्याने तो बदलतो. मीठ वाढवलंत तर मणी आणि काच दोघांचेही झीटा उतरतात, पण सारख्या प्रमाणात उतरत नाहीत. त्यामुळे काचेजवळची दिशासुद्धा पालटू शकते. तुमचा पुढचा सेल पीडीएमएसचा, म्हणजे सिलिकॉन रबराचा, असणार असेल तर फार सांभाळा. प्लाझ्मा दिलेलं पीडीएमएस दिवसागणिक पुन्हा पाणी झटकणारं होत जातं आणि त्याचा भारही बदलतो. सुरुवातीच्या वर्षांत माझ्या दोन आठवड्यांच्या मोजण्या यापायी वाया गेल्या. सोमवारचे आणि शुक्रवारचे वेग जुळेनात. मी मण्यांच्या तीन बाटल्या बदलल्या आणि दोष चॅनलच्या भिंतीत निघाला. शिवाय खाली काच आणि वर पीडीएमएस असलं की पॅराबोला कलंडतो आणि दोन स्थिर पातळ्या सारख्या अंतरावर राहत नाहीत. तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक चॅनलवर तो बनवल्याची तारीख लिहिलेली असते.

टोकं उघडी ठेवली तर काय, असं कोणी विचारेल. तत्त्वतः सोपं होतं. उलटा प्रवाह उरत नाही आणि सगळ्या उंचींवर पाणी एकाच वेगाने जातं. तुमच्या आकड्यांत सगळीकडे मणी २३ ने ऋण इलेक्ट्रोडकडे जाताना दिसतील. व्यवहारात मात्र दोन टोकांच्या पाण्याच्या पातळीत ०.१ मिलिमीटरचा फरक पडला, तरी तुमच्या सेलमध्ये सेकंदाला पंचेचाळीसेक मायक्रॉनचा सरासरी प्रवाह सुरू होतो. मोजायच्या वेगाहूनही जास्त. बंद सेलचं गणित लांब असलं तरी ते हातात राहतं, म्हणून तुम्ही टोकं बंद केलीत ते बरंच केलंत.

क्षेत्राबद्दल एक सवय लावून घ्या. २० व्होल्ट भागिले २ सेंटिमीटर हा सरळ हिशेब जरा फसवा आहे. इलेक्ट्रोडपाशी रासायनिक क्रिया चालू राहायला दोन-तीन व्होल्ट तिथेच खर्च होतात, म्हणजे तुमच्या २० मधले दहा ते पंधरा टक्के. त्याऐवजी प्रवाह मोजा. द्रावणाची वाहकता आणि सेलचा छेद माहीत असला की क्षेत्र आपोआप निघतं. १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड आणि तुमचा छेद धरला, तर सेंटिमीटरला १० व्होल्टसाठी प्रवाह ३ मायक्रोअँपियरच्या जवळ हवा. दोनच दिसला तर खरं क्षेत्र कमी आहे. प्रयोगभर तो उतरत गेला तर बहुधा प्लॅटिनमवर बुडबुडा बसला आहे. तापण्याची चिंता या आकड्यांत करू नका. तीच गोष्ट १० मिलिमोलर आणि सेंटिमीटरला १०० व्होल्टला नेलीत, तर उष्णता बाहेर जायला वाव नसल्यास पाणी सेकंदाला तीन अंशांहून जास्त वेगाने तापेल.

आता चार-पाच मिनिटांनी होणाऱ्या बिघाडाकडे येतो. माझ्या मते तुमच्या प्रयोगातली खरी अडचण ही आहे. उलटे जाणारे मणी ही अडचण नव्हेच.

धन तारेवर पाण्यातून ऑक्सिजन सुटतो आणि हायड्रोजन आयन, म्हणजे आम्ल, मागे राहतं. ऋण तारेवर हायड्रोजन सुटतो आणि अल्कली राहते. ३ मायक्रोअँपियर ऐकायला काहीच नाही. पण पाच मिनिटांत तेवढ्या प्रवाहातून सुमारे ९ नॅनोमोल आम्ल तयार होतं, आणि तुमच्या सेलचं आकारमान आहे अवघं ४ मायक्रोलिटर. ते आम्ल सगळ्या सेलमध्ये पसरलं असं धरलं तर २ मिलिमोलरच्या वर जातं, म्हणजे तुम्ही घातलेल्या मिठापेक्षाही जास्त. शिवाय हायड्रोजन आयन पाण्यात सर्वांत चपळ. तुमच्या क्षेत्रात धन टोकापासून सेलच्या मध्यापर्यंतचा एक सेंटिमीटर ते अर्ध्या मिनिटाच्या आसपास कापू शकतात. आम्ल पोहोचलं की मण्यांवरचे कार्बॉक्सिल गट प्रोटॉन घेऊन उदासीन होतात. भार गेला की वेग गेला, आणि काचेपासून दूर ठेवणारं प्रतिकर्षणही गेलं. मणी काचेला टेकतो आणि तिथेच राहतो. काचेचा भारही आम्लात घटतो, म्हणून पाणीसुद्धा मंदावतं. सगळं एकदम थंडावल्यासारखं दिसतं ते असं.

हीच गोष्ट उलटीकडून वापरून पिंपरी-चाकण पट्ट्यात मोटारी रंगवल्या जातात. ईडी कोटिंगच्या, म्हणजे विजेने रंग चढवण्याच्या, टाकीत गाडीचा सांगाडा ऋण इलेक्ट्रोड असतो. धनभारित रंगाचे कण त्याच्याकडे येतात, पत्र्यालगत तयार झालेल्या अल्कलीमुळे भार गमावतात आणि तिथेच घट्ट बसतात. त्या कारखान्यात जे मुद्दाम घडवतात, ते तुमच्या सेलमध्ये नको असताना घडतं आहे.

उपाय साधे आहेत. पहिला म्हणजे दर दोन-तीन सेकंदांनी ध्रुव पालटत राहा. एका फेरीत तयार झालेलं आम्ल पुढच्या फेरीतल्या अल्कलीने बऱ्याच अंशी मारलं जातं. शिवाय दोन्ही दिशांच्या वेगांच्या फरकाचा निम्मा घेतलात की गळतीचा किंवा उष्णतेचा सरकता प्रवाह आपोआप वजा होतो. पालटल्यावर तुमच्या खोलीत पाणी काही मिलिसेकंदांत नव्या दिशेला स्थिरावतं, तेव्हा व्हिडिओतली पहिली एक-दोन चित्रं सोडून द्यायची, बस. दुसरा म्हणजे टोकांना मोठे कप्पे ठेवा आणि कप्पा व चॅनल यांच्यामध्ये त्याच द्रावणात भिजवलेल्या आगारची गुठळी बसवा. तिसरा म्हणजे प्लॅटिनमऐवजी क्लोराइड चढवलेली चांदीची तार वापरा. द्रावणात क्लोराइड आहेच, तारेवर क्लोराइडचीच देवघेव होते, वायूही सुटत नाही आणि आम्लही तयार होत नाही. मी तिन्ही एकत्र करतो. तुम्हाला एकच जमणार असेल तर ध्रुव पालटण्यापासून सुरुवात करा, त्याला खर्चही नाही.

झीटा मीटरला ही भिंतीची कटकट का होत नाही, हेही कोणी विचारेल म्हणून सांगून टाकतो. त्या यंत्रांत सेल काही मिलिमीटर रुंद असतो आणि क्षेत्र सेकंदात अनेकदा पालटतं. मणी क्षेत्राला मायक्रोसेकंदाच्या आत प्रतिसाद देतो, पण भिंतीवरची ओढ मध्यापर्यंत पोहोचायला एवढ्या रुंदीत सेकंद लागतात. तोवर क्षेत्र पालटलेलं असतं, त्यामुळे मध्यावरचं पाणी जवळजवळ हलतच नाही. तुमच्या १०० मायक्रॉनमध्ये ही युक्ती चालवायची तर सेकंदाला काहीशे वेळा पालटावं लागेल, आणि डोळ्याने ते दिसणार नाही.

शेवटी तुम्ही विचारलंय, की पुढच्या टप्प्यात आयटीओच्या (वीज वाहणारा पारदर्शक लेप असलेल्या) दोन काचा घेऊन क्षेत्र काचेला लंब लावणार, तेही एसी, तेव्हा काय दिसेल. तो वेगळा खेळ आहे, त्याची वरच्याशी सरमिसळ करू नका. एसीमध्ये साधी इलेक्ट्रोफोरेसिस पुढे-मागे होऊन शून्यावर येते. उरतात ते क्षेत्राच्या वर्गाप्रमाणे वाढणारे परिणाम. कमी फ्रीक्वेन्सीला इलेक्ट्रोडजवळचे एकसारख्या भाराचे मणी एकमेकांना दूर लोटण्याऐवजी जवळ येऊन षटकोनी चादरी बनवतात. प्रिन्स्टनमध्ये ट्राउ, साव्हिल आणि अक्साय यांनी १९९६ मध्ये हे दाखवलं. मणी आकर्षित होतात असं दिसतं, पण मुळात प्रत्येक मण्याभोवती पाणी इलेक्ट्रोडलगत आत ओढलं जातं आणि शेजारचे मणी त्या पाण्याबरोबर येतात. तिथेही पुन्हा पाणीच. फ्रीक्वेन्सी चढवत गेलात की हे प्रवाह मावळतात आणि डायइलेक्ट्रोफोरेसिस, म्हणजे असमान क्षेत्राने कणाला ओढणं किंवा ढकलणं, वरचढ होते, पण तिला असमान क्षेत्र लागतं. ओळखायची खूण अशी, की डायइलेक्ट्रोफोरेसिसचा वेग मण्याच्या त्रिज्येच्या वर्गाने वाढतो, तर पाण्याच्या प्रवाहात लहान-मोठे मणी साधारण सारखेच वाहतात. म्हणून तिथे उतरताना एकाच सेलमध्ये दोन आकारांचे मणी घाला.

पण आधी आताचा सेल पुरता करा. चांदीच्या तारा बसवा, दोन सेकंदांनी ध्रुव पालटा, प्रवाह लिहीत राहा आणि दहा उंचींवरचे वेग घेऊन ती सरळ रेषा काढा. तिचा उतार म्हणजे काचेलगतच्या पाण्याच्या वेगाची दीडपट. माझा अंदाज बरोबर असेल तर तो उणे ९३ च्या आसपास येईल. त्यावरून तुमच्या काचेचा झीटा निघेल, आणि तो आकडा तुमच्या विभागातल्या झीटा मीटरवर मिळत नाही. रेषा आली की इथे टाका. मार्गदर्शकांनाही तीच दाखवा, मण्यांची नवी बाटली मागवायच्या आधी.